शब्द जिभेवर कसा बसतो

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें गांव पैठणीसाठीं सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. गांवांत शिरलें म्हणजे घराघरांतून हातमागाची खटखट कानीं येते. आणि जरा थांबून ऐकलें तर त्या खटखटीबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. ती ही कीं, येथें बोली एक नाहीं. एका आळींत मराठी, दुसरींत गुजराती, तिसरींत उर्दू, तर खत्री विणकरांच्या घरांत गुजराती, हिंदी व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली निराळीच बोली. कापड मात्र सर्वांचें एकच. घरच्या चार भाषा जेथें एका मागाभोंवतीं नांदतात, तेथें नवा शब्द माणसाच्या जिभेवर कसा बसतो हें पाहणें उद्बोधक आहे.

हा विषय वरवर किरकोळ दिसतो. परंतु मुलाला इंग्रजी शाळेंत घालावयाचें ठरलें कीं प्रत्येक सुशिक्षित घरांत तो उभा राहतो. नवा शब्द मुलाकडून तत्काळ मोठ्यानें म्हणून घ्यावा, कीं आधीं नुसता ऐकवावा? आणि घरीं एकच भाषा बोलणारें मूल व दोन भाषा बोलणारें मूल यांच्यांत या बाबतींत कांहीं फरक असतो काय? उत्तर चुकलें तर त्याचा भुर्दंड पुस्तकाला पडत नाहीं, मुलाला पडतो; आणि पुष्कळदां घरच्या भाषेलाहि पडतो.

येवल्याच्या विणकरांचा इतिहास मोंगल अमदानीपर्यंत मागें जातो. गांव वसविणारे म्हणून रघोजीबाबांचें नांव घेतात. त्यांनीं सवलती देऊन बाहेरगांवचे व्यापारी आणि रेशीम विणणारे कारागीर येथें आणले, आणि त्यांत शामदास वालजी हा गुजराती व्यापारी प्रमुख होता, असें सांगतात. पेशवाईंत हें गांव विंचूरकरांच्या जहागिरींत गेलें. रेशीम विणण्याचा मक्ता त्या आरंभींच्या कारागिरांकडे पिढ्यान् पिढ्या राहिला, तो १८६४ सालापर्यंत. पुढें तो मोडला आणि इतर विणकरांसहि हें काम मोकळें झालें. म्हणजे असें कीं, ज्यांच्या घरीं रेशमाची भाषा नव्हती, त्यांच्या मुलांना ती नव्यानें शिकावी लागली.

ही भाषा केवढी मिश्र होती तें एका पैठणीवरून कळेल. रेशीम आणि जर हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. ज्या फणीनें विणीचा धागा ठोकून बसवितात ती मराठीच्या घरची. मुनिया हें हिंदी मुलुखांत एका चिमुकल्या पाखराचें नांव. पैठणीच्या कांठांत आल्यावर तें हिरव्या पोपटाला मिळालें. असावली ही पैठणीची फुलवेल, आणि त्याच नांवाचें रेशमी विणकाम अहमदाबादेस पूर्वापार प्रसिद्ध आहे. पदरावर कमळ आलें तें संस्कृतांतून मराठी वळण घेऊन. रेशमाची लड ज्या फिरत्या चौकटीवर चढवितात तिला असारी म्हणतात. तिच्यावरून धागा कांडीवर जातो आणि कांडी धोट्यांत बसते. इतक्या दिशांनीं आलेले शब्द येवल्याच्या मुलांनीं कोशांतून पाठ केले नाहींत. मागाच्या शेजारीं बसून कांडी भरतां भरतां मूल हे शब्द महिनोगणती ऐके. "असारी इकडे सरकव" असें म्हटलें कीं हात आधीं असारीकडे जाई. तो शब्द तोंडांतून बाहेर पडण्याची पाळी पुष्कळ मागाहून येई. आधीं कान, मग हात आणि शेवटीं जीभ, असा हा क्रम होता.

असा क्रम आपल्याकडे फार जुना आहे. वेदपाठशाळेंत संथा देतांना गुरु एक वेळ म्हणतो आणि शिष्य तेंच दोन वेळ म्हणतात. गुरूचा उच्चार कानांत शिरल्यावांचून शिष्यानें तोंड उघडावयाचें नाहीं. आणि उघडल्यावर चूक झाली तर ती तेथेंच थांबवावयाची, अशी शिस्त आहे. संहिता पाठ झाल्यावर पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्या येतात. क्रमांत पहिला शब्द दुसऱ्याशीं आणि दुसरा तिसऱ्याशीं जोडून म्हणतात. जटेंत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हां सुलट येते. या उलटसुलट म्हणण्यामुळें एक अक्षरहि निसटण्यास वाव राहत नाहीं. युनेस्कोनें २००३ सालीं या पठणपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, तें लेखनाच्या मदतीवांचून शब्द इतका काळ टिकविल्याबद्दल.

पंतोजींच्या शाळेंत हीच रीति व्यवहाराच्या अंगानें उतरली. दिवेलागणीला परवचा सुरू झाली कीं पाढ्यांच्या मागून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी रांग लागे. साडेतीनाला औट म्हणतात हें सहा वर्षांच्या पोराला कोठून ठाऊक असणार? परंतु सुरांत सूर मिळवून महिनाभर म्हटल्यावर औट हा शब्द त्याला जन्मभर पुरे. या घोकंपट्टीला पुढें नांवें ठेवण्यांत आलीं, व अर्थावांचून घोकण्याच्या बाबतींत तीं रास्तहि होतीं. मात्र शब्द जिभेवर बसविण्याची जी युक्ति तिच्यांत होती, ती टाकाऊ नव्हती.

या युक्तीची परीक्षा पश्चिमेकडे प्रयोगशाळेंत झाली. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्मरणशक्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यानें सुमारें २३०० अर्थहीन अक्षरसमूह तयार केले आणि ठराविक ठेक्यावर वाचून व म्हणून स्वतःच पाठ केले. किती वेळां म्हटलें असतां किती टिकतें व किती दिवसांनीं किती गळतें, याचा पहिला पद्धतशीर हिशेब त्यानें मांडला. इंग्लंडांत गॅदरकोल व बॅडली या दोघांनीं १९८९ सालीं लहान मुलांविषयीं असें दाखविलें कीं, अनोळखी व निरर्थक शब्द ऐकून जसाच्या तसा परत म्हणण्याची शक्ति ज्या मुलाच्या अंगीं अधिक, त्याचा पुढचा शब्दसंग्रहहि साधारणपणें अधिक असतो. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत मॅक्लाउड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, मनांतल्या मनांत वाचलेल्या शब्दांपेक्षां मोठ्यानें उच्चारलेले शब्द अधिक लक्षांत राहतात. याचें कारण सोपें आहे. मोठ्यानें म्हटलेल्या शब्दाची खूण तीन ठिकाणीं उमटते: डोळ्याला तो दिसतो, जिभेला तो घडवावा लागतो आणि कानाला तो ऐकूं येतो. आणखी एक बारकावा असा कीं, कांहीं शब्द मोठ्यानें व कांहीं मुकाट्यानें वाचले तर हा फायदा ठळक दिसतो. सरसकट सगळेच ओरडून वाचले तर तो कमी होतो. भिंतीवर एकच खूण केली तर ती नजरेंत भरते, सगळी भिंत खुणांनीं भरली तर कोणतीच भरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

येथवर पंतोजी आणि पंडित यांचें एकमत आहे. परंतु एक गोष्ट दोघांनींहि गृहीत धरली होती. औटकी म्हणणाऱ्या पोराला औट हा शब्द नवा असला तरी त्यांतले ध्वनि नवे नव्हते. एबिंगहाउसचे अक्षरसमूह अर्थहीन असले तरी त्याच्या ओळखीच्या उच्चारांतूनच बनले होते. शब्दाचे ध्वनिच परके असतील तर काय होतें? या प्रश्नाचें उत्तर अलीकडे मिळालें आणि तें अनेकांना अनपेक्षित वाटलें.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत कौशान्स्काया व यू यांनीं इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना नवे शब्द शिकविले. हे प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाले. जे शब्द इंग्रजीच्या वळणाचे होते ते मोठ्यानें म्हटल्यानें चांगले टिकले. ज्यांत परके ध्वनि होते, त्यांच्या बाबतींत मात्र उलट झालें. ते मनांतल्या मनांत म्हटलेलेच अधिक बरे टिकले. पुढें २०१६ सालीं बीस-बर्क व सॅम्युएल यांनीं स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना बास्क भाषेंतील ध्वनींमधले भेद शिकविले. ज्यांनीं नुसतें ऐकलें ते भेद ओळखूं लागले; ज्यांना ऐकण्याबरोबर लगेच बोलावयास लावलें त्यांची प्रगति मागें पडली.

याचा उलगडा येवल्याच्या मागावरच करतां येतो. ळ हें अक्षर मराठींत आहे, गुजरातींत आहे, उर्दूंत नाहीं. गुजराती घरचें मूल मराठी शिकूं लागलें तर शाळा, वेळ, कमळ हे शब्द त्याच्या जिभेला जड जात नाहींत. त्यानें ते पहिल्या दिवसापासून मोठ्यानें म्हणावे हें उत्तम. उर्दू बोलणाऱ्या घरच्या मुलाला मात्र कमळ म्हण असें तत्काळ फर्मावलें तर तें कमल म्हणणार. यांत त्याचा दोष नाहीं. जीभ आपल्या घरांतला सर्वांत जवळचा ध्वनि उचलते. मग त्याच्या कानावर मास्तरांचा कमळ एकदां पडतो आणि स्वतःचा कमल दहादां पडतो. स्मरणांत ठसतो तो कमल. त्याच मुलाला आठ-पंधरा दिवस ळ नुसता ऐकूं दिला, काळा आणि काला यांतला फरक कानानें पकडूं दिला, आणि मग तोंड उघडावयास सांगितलें, तर तीच जीभ शत्रु न राहतां मित्र होते. उलट बाजूहि अशीच आहे. मराठी माणसाला उर्दूंतला कंठाच्या तळांतून येणारा क किंवा ख लगेच म्हणावयास लावला तर तो आपला साधा क आणि ख म्हणून मोकळा होतो, आणि आपण बरोबर म्हटलें या समजुतींत राहतो.

तात्पर्य, बोलण्याचा सराव हें औषध खरें. परंतु त्याला वेळ पाळावी लागते. ध्वनि ओळखीचे असतील तेथें तें पहिल्या दिवसापासून लागू पडतें. ध्वनि परके असतील तेथें आधीं कानाची तयारी झाली पाहिजे.

आतां दोन भाषांच्या मुलाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंत असा दृढ समज होता कीं, दोन भाषा एकदम शिकविल्या तर मुलाची बुद्धि गोंधळते. मॉंट्रियल येथें पील व लॅम्बर्ट यांनीं १९६२ सालीं इंग्रजी व फ्रेंच दोन्ही चांगल्या येणाऱ्या मुलांची तुलना एकभाषी मुलांशीं केली, तेव्हां हा समज उलटा पडला. द्विभाषी मुलें मागें नव्हतीं, कित्येक कसोट्यांत पुढेंच होतीं. शब्द शिकण्यापुरती गोष्ट कौशान्स्काया व मरिअन यांनीं २००९ सालीं तपासली. इंग्रजी-स्पॅनिश बोलणारे, इंग्रजी-चिनी बोलणारे आणि नुसतें इंग्रजी बोलणारे अशा तिघांना तेच नवे शब्द शिकविले, तर दोन्ही द्विभाषी गट एकभाषी गटाच्या पुढें गेले.

असें कां व्हावें? एक तर दोन भाषा जाणणाऱ्याच्या पदरीं ध्वनींचा सांठा मोठा असतो. त्यामुळें नव्या शब्दांत त्याला सर्वस्वी परकें असें कमी आढळतें. दुसरें असें कीं, एका वस्तूला दोन नांवें असूं शकतात हें त्याला पाळण्यापासून ठाऊक असतें. एकभाषी मुलाला पाण्याचें दुसरें नांव ऐकून प्रथम आश्चर्य वाटतें. खत्र्याच्या किंवा मोमिनाच्या मुलाला तें वाटत नाहीं, कारण घरांतलें नांव वेगळें व बाजारांतलें वेगळें हा त्याचा रोजचा अनुभव असतो. अर्थात् याची एक पडती बाजू आहे, आणि ती लपविणें बरें नव्हे. द्विभाषी मुलाचा वेळ दोन भाषांत वांटला जातो. म्हणून प्रत्येक भाषेंतला त्याचा शब्दसंग्रह सुरुवातीच्या वर्षांत थोडा लहान असूं शकतो. दोन्ही मिळून मोजला तर तो कमी भरतोच असें नाहीं. शिवाय द्विभाषी माणूस प्रत्येक बाबतींत अधिक बुद्धिमान असतो असें म्हणणेंहि अतिशयोक्तीचें होईल. त्याविषयीं विद्वानांत अद्याप मतभेद आहे. नवा शब्द उचलण्याच्या कामीं त्याला दुसऱ्या भाषेची मदत होते, एवढें म्हटलें तरी पुरे.

येवल्याच्या इतिहासांतच या गोष्टीचें एक मोठें नांव आहे. तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा. बाजीरावसाहेब १८१८ नंतर ब्रह्मावर्तास गेले, तेव्हां पेशव्यांच्या आश्रयाचीं जीं मराठी कुटुंबें गंगाकांठीं जाऊन राहिलीं त्यांत तात्यांचें कुटुंब होतें. घरांत मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशा वातावरणांत त्यांचें बालपण गेलें. पुढें १८५७ ते १८५९ या काळांत ज्यांनीं उत्तरेकडील व मध्य हिंदुस्थानांतील शिपायांचें नेतृत्व केलें, त्यांना ती दाराबाहेरची भाषा केवढी उपयोगी पडली असेल हें निराळें सांगावयास नको. तिच्यासाठीं घरची मराठी कोणी सोडली नव्हती.

बोलल्यावांचून शब्द शिकला जात नाहीं, याचा पुरावा महाराष्ट्राच्या राज्यकारभारांतहि सांपडतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी व्यवहारांतील सुमारें चौदाशें शब्दांना त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापति झाला. यांतला सेनापति लोकांच्या तोंडीं बसला, कारण रणांगणावर तो रोज हांक मारून म्हणावा लागे. परंतु कागदोपत्रीं राहिलेले कित्येक प्रतिशब्द तेथेंच राहिले. आणि मुजुमदार, फडणीस, चिटणीस हे आजहि आडनांवांतून जिवंत आहेत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ सालीं पदनामकोश निघाला, त्याचीहि कथा अशीच. जे शब्द कचेरीच्या दारांत लोकांनीं उच्चारले ते रुळले. जे नुसते पाटीवर लिहिले ते पाटीवरच राहिले. उलट पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांबरोबर आलेले शब्द कोणीहि शाळेंत शिकविले नाहींत. एकच भाषा जाणणाऱ्या कुणबिणीनें ते बाजारांत ऐकले, आपल्या जिभेच्या वळणानें म्हटले, आणि मराठीला देऊन टाकले.

मग इंग्रजी शिकतांना काय झालें? आपल्या शाळांतून इंग्रजी बहुतेक भाषांतराच्या मार्गानें आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. व्याकरण पक्कें झालें, पत्रें निर्दोष लिहितां येऊं लागलीं, परंतु साहेब समोर आला कीं जीभ टाळ्याला चिकटे. कानानें ऐकली नव्हती आणि जिभेनें घडविली नव्हती, अशी ती भाषा डोळ्यांपुरतीच राहिली. आतां काळ उलटला आहे. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेंत घालतात, पहिल्याच दिवशीं त्याच्याकडून मोठ्यानें इंग्रजी म्हणवून घेतात, आणि घरीं येतांच आई-बाप आपली भाषा गिळून मोडक्या इंग्रजींत त्याच्याशीं बोलूं लागतात. यांत दोन चुका एकदम होतात. कान तयार होण्यापूर्वीं जीभ चालविली जाते, व त्या जिभेला जो आधार हवा तो घरच्या भाषेचा सांठाच काढून घेतला जातो. मूल दोन भाषांचें व्हावयाचें तें दीड भाषेचें होतें.

असाच धोका येवल्याच्या लहान बोलींनाहि आहे. मागावर, जातींत आणि घरांत जी बोली रोज बोलली जाते ती टिकते. ज्या घरांत मूल हिंदी-इंग्रजी बोलतें म्हणून आजीहि तिच्याशीं आपली बोली बोलेनाशी होते, तेथें ती बोली एका पिढींत फक्त ऐकण्यापुरती उरते आणि पुढच्या पिढींत तेवढीहि उरत नाहीं. ऐकून समजलेला शब्द जिभेवर आला नाहीं तर तो पाहुण्यासारखा येऊन जातो. म्हणून घरच्या भाषेंत मुलानें नुसतें समजून न घेतां उत्तर दिलें पाहिजे. आणि बाहेरच्या भाषेंत त्यानें लगेच उत्तर दिलें नाहीं, तर आई-बापांनीं थोडा धीर धरला पाहिजे.

संक्रांतीला येवल्यांत तीन दिवस पतंगांची धामधूम असते. गच्चीगच्चीवर मुलें हातांत दोऱ्याची फिरकी घेऊन उभीं असतात. त्या फिरकीला तेथें आसारी म्हणतात. मागावर रेशमाची लड जिच्यावर चढते तिचेंच तें नांव. मागावरचा शब्द गच्चीवर गेला, विणकराच्या घरांतून वाण्याच्या, ब्राह्मणाच्या, मोमिनाच्या घरांत गेला, कोणी तो फळ्यावर लिहिला नाहीं. पोरांनीं तो ऐकला आणि पतंगाला ढील देतांना एकमेकांना ओरडून सांगितला. घरीं कोणी मराठी बोलो, कोणी गुजराती, कोणी उर्दू. त्या तीन दिवसांत आसारी हा शब्द सर्वांचा असतो.